ख्रिसमस पुडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी डिसेंबर लागला की तेच प्रश्न येतात, पुण्या-ठाण्याहून नातेवाईक विचारतात, इथे इंग्लंडमध्ये शिकायला किंवा नोकरीला नवीन आलेली मराठी मुलंमुली विचारतात, सुपरमार्केटच्या शेल्फवर लाल डब्यातला तो काळा गोळा बघून घ्यावा की नको असं होतं त्यांना. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. या पुडिंगबद्दल ज्या गोष्टी इंटरनेटवर फिरतात त्यातल्या बऱ्याच कच्च्या आहेत आणि खरा इतिहास त्याहून कितीतरी भारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

ख्रिसमस पुडिंग म्हणजे नक्की काय? केकच ना?

नाही. केक ओव्हनमध्ये भाजतात, हे वाफेवर तासन्‌तास उकडतात. मनुका, बेदाणे, बारीक काळ्या मनुका, संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल, ब्रेडचा चुरा, थोडा मैदा, गडद ब्राऊन साखर, अंडी, सुएट, जायफळ-दालचिनी-लवंग असे मसाले आणि काळी बिअर किंवा रम किंवा ब्रँडी, हे सगळं कालवून चिनी मातीच्या वाडग्यात दाबून भरायचं, तोंड कागदाने आणि दोरीने बांधायचं आणि सहा ते आठ तास वाफवायचं. मग ते नाताळपर्यंत कपाटात ठेवतात, आणि नाताळच्या दिवशी परत दोनेक तास वाफवून गरम गरम ताटलीत उलटं करतात. इतका वेळ वाफवल्यामुळे आणि साखरेमुळे रंग जवळजवळ काळा होतो, करपलेलं नसतं ते. आत मऊ, ओलसर, जड, आणि एक छोटा तुकडा पुरतो, खरंच पुरतो, पहिल्यांदा खाणारे मोठा तुकडा घेतात आणि मग अडकतात.

सुएट काय प्रकार आहे?

गाईबैलाच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवती असते ती कडक चरबी. पारंपरिक पुडिंगमध्ये बहुतेक वेळा बीफचीच असते, हे आधीच स्पष्ट सांगते कारण आपल्यातल्या अनेकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे (व्हेजबद्दल खाली वेगळं लिहिलंय). ती का घालतात तर ती लोण्यापेक्षा बरीच उशिरा वितळते, तोपर्यंत आजूबाजूचं मिश्रण धरायला लागलेलं असतं, मग चरबी वितळली की तिथे बारीक बारीक पोकळ्या राहतात आणि एवढं जड पुडिंगसुद्धा दगडासारखं घट्ट होत नाही. पूर्वी खाटकाकडून आणून घरी किसायला लागायची, फार चिकट काम. १८९३ मध्ये गॅब्रिएल ह्यूगॉनने मँचेस्टरमध्ये अटोरा नावाने तयार किसलेलं सुएट विकायला सुरुवात केली, ते आजही मिळतं.

आपल्याकडे नाताळला मिळतो तो प्लम केक हाच का?

चुलत भावंडं म्हणा. प्लम केक भाजलेला, आणि भारतात त्याची स्वतःची गोष्ट आहे, केरळात थलश्शेरीला मम्बल्ली बापूंनी १८८३ मध्ये मर्डॉक ब्राऊन नावाच्या इंग्रज मळेवाल्याच्या सांगण्यावरून तो पहिल्यांदा केला असं सांगतात. पुडिंग मात्र भारतात घरोघरी कधी रुजलं नाही, क्लबांच्या आणि मोठ्या हॉटेलांच्या जेवणापुरतंच राहिलं.

प्लम पुडिंग म्हणतात, मग प्लम कुठे आहेत?

नसतात. जुन्या इंग्रजीत मनुकांना सरसकट प्लम म्हणायचे, तेवढंच.

हे सुरू कधी झालं?

एका दिवशी कोणी शोधून काढलं असं नाही, हळूहळू बदलत गेलं, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

मध्ययुगात इंग्लंडमध्ये फ्रुमेंटी नावाची गव्हाची लापशी असायची, कांडून टरफल काढलेला गहू दुधात किंवा बदामाच्या दुधात शिजवून, केशर-मसाले घालून, आणि ती बऱ्याचदा मांसाबरोबर वाढायचे. त्याच सुमाराचं दुसरं म्हणजे प्लम पॉटेज, म्हणजे चक्क मटणाचा किंवा बीफचा रस्सा, त्यात ब्रेडचा चुरा घालून दाट केलेला, वर मनुका, मसाले, वाईन. गोड आणि मांस एकत्र म्हटल्यावर आज आपण तोंड वाकडं करू पण तेव्हा श्रीमंतांच्या जेवणात गोड-तिखट-मांस अशी भिंत नव्हतीच, मसाले आणि सुका मेवा समुद्रापलीकडून यायचा, महाग असायचा, आणि पाहुण्यांपुढे ठेवला की ऐपत दिसायची. हा पॉटेज जेवणाच्या सुरुवातीला वाढायचे, शेवटी नाही. लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स, त्याच्या डायरीत १६६२ च्या नाताळची नोंद आहे, बायको आजारी म्हणून त्याने तिच्या पलंगाशेजारी बसून प्लम पॉरिज (म्हणजे हाच पॉटेज) आणि भाजलेली कोंबडी खाल्ली आणि मिन्स पाय, म्हणजे सारण भरलेला नाताळचा पाय, बाहेरून मागवला, कारण तिला करता येण्यासारखी तब्येत नव्हती. साडेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली पण ते वाचताना कालचंच वाटतं.

आता पातळ रस्स्याचा घट्ट गोळा कसा झाला? इथे फडक्याचं श्रेय आहे. आधी पुडिंग म्हणजे जनावराच्या आतड्यात किंवा पोटात भरून उकडायचा पदार्थ, म्हणजे जनावर कापलं त्याच वेळी करता यायचं. सतराव्या शतकात पुडिंगचं फडकं सर्रास वापरात आलं, सुती किंवा लिननचं कापड ओलं करून त्यावर पीठ भुरभुरायचं, मिश्रण मध्ये ठेवून गाठोडं बांधायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. झालं, कुठल्याही दिवशी, कोणालाही, एका भांड्यात आणि चुलीवर पुडिंग करता यायला लागलं, ओव्हन नसला तरी. तेव्हा ओव्हन फार कमी घरात असायचा हे लक्षात घ्या. गोल तोफगोळ्यासारखा जो आकार जुन्या चित्रांत दिसतो तो या फडक्यामुळे.

मांस हळूहळू गळत गेलं. १७४७ मध्ये हॅना ग्लासचं स्वयंपाकाचं पुस्तक आलं त्यात नाताळच्या प्लम पॉरिजसाठी अजून बीफच्या पायाचा रस्सा आहे, आणि त्याच पुस्तकात फडक्यात उकडलेलं प्लम पुडिंगसुद्धा आहे ज्यात मांसाची फक्त चरबी उरली आहे. म्हणजे दोन्ही काही काळ शेजारी शेजारी होते आणि मग पॉरिज मागे पडलं. आजचं सुएट ही त्या जुन्या मांसाची शेवटची खूण.

अजून एक गोष्ट जी पाककृतीच्या पानांवर सहसा लिहीत नाहीत. अठराव्या शतकात साखर स्वस्त झाली, गोडाचं प्रमाण वाढलं, पण ती साखर कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांच्या मळ्यांतून येत होती, ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ चा. पुडिंगचा इतिहास सांगताना हे वगळलं तर तो अर्धाच राहतो.

क्रॉमवेलने पुडिंगवर बंदी घातली होती हे खरं का?

अर्धं खरं आणि तेही चुकीच्या माणसाच्या नावावर. प्युरिटन म्हणजे कडवे प्रोटेस्टंट, त्यांना नाताळच मान्य नव्हता, बायबलमध्ये सांगितलेला नाही आणि खाणंपिणं-धिंगाणा फार होतो म्हणून. जून १६४७ मध्ये संसदेने अध्यादेश काढून नाताळ, ईस्टर वगैरे सण रद्द केले. बंदी सणावर होती, पुडिंग नावाच्या पदार्थावर वेगळा कायदा नव्हता, आणि त्यांचा सेनानी क्रॉमवेल लॉर्ड प्रोटेक्टर, म्हणजे राजाच्या जागी देशाचा प्रमुख, झाला तो १६५३ मध्ये, म्हणजे नंतर. पण लोकांनी हे गप्प बसून ऐकलं नाही. २५ डिसेंबर १६४७ ला कँटरबरीत महापौराने दुकानं उघडी ठेवायला लावली तेव्हा लोक भडकले, दुकानांची नासधूस झाली, शहर काही काळ त्यांच्याच ताब्यात होतं, आणि त्या दंगलीला आजही प्लम पुडिंग दंगल म्हणतात. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि नाताळही परत आला.

तेरा पदार्थच घालायचे आणि पूर्वेकडून पश्चिमेकडेच ढवळायचं हा चर्चचा नियम आहे का?

येशू आणि बारा प्रेषित म्हणून तेरा पदार्थ, आणि बाळ येशूला बघायला पूर्वेकडून आलेल्या मागी म्हणजे ज्ञानी पुरुषांच्या सन्मानार्थ पूर्व-पश्चिम ढवळणं, ही प्रथा म्हणून गोड आहे आणि बरीच घरं पाळतात, पाळावीच. पण मध्ययुगात चर्चने असा हुकूम काढला होता असं जे ठासून लिहितात त्याला पुरावा नाही, त्या काळात आजच्यासारखं पुडिंगच नव्हतं तर तेरा पदार्थ कशात मोजणार. जुन्या पाककृती काढून बघा, कुठे दहा आहेत कुठे सतरा.

तशीच दुसरी गोष्ट पहिल्या जॉर्जची, हा जर्मनीतल्या हानोफरहून १७१४ मध्ये इंग्लंडचा राजा झाला आणि त्याने पहिल्याच नाताळला प्लम पुडिंग मागवून प्रथा परत सुरू केली, म्हणून त्याला पुडिंग किंग म्हणतात वगैरे. त्याच्या काळातल्या कागदपत्रांत याचा पत्ता नाही, ही गोष्ट विसाव्या शतकात छापायला लागले आणि मग सगळे एकमेकांचं उतरवत गेले.

मग हे खास नाताळचं कधी झालं?

एकोणिसाव्या शतकात. त्याआधी प्लम पुडिंग वर्षभर कधीही व्हायचं, सुगी संपल्यावर, लग्नात, रविवारच्या जेवणात बीफबरोबर, आणि ते इंग्लंडची ओळख होतं. १८०५ मध्ये जेम्स गिलरेने काढलेलं प्रसिद्ध व्यंगचित्र आहे, त्यात पंतप्रधान पिट आणि नेपोलियन एका टेबलावर बसून पृथ्वीच्या आकाराचं प्लम पुडिंग सुरीने कापून वाटून घेतायत. लोकांना चित्र लगेच कळायचं कारण पुडिंग घराघरात माहीत होतं.

मग १८४३ मध्ये चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' आलं. त्यात गरीब क्रॅचिट कुटुंबाच्या घरी कपडे उकळायच्या तांब्याच्या हंड्यात पुडिंग शिजतं, बाई धास्तावलेली असते की नीट झालं असेल ना, फुटलं तर नसेल ना, आणि मग वर हॉलीची (काटेरी पानांचं, लाल फळांचं झाड) डहाळी खोचलेलं, ब्रँडीच्या ज्वाळेतलं पुडिंग ती घेऊन येते. पुढच्या पिढ्यांच्या डोक्यात नाताळचं चित्र बसलं ते हेच. दोनच वर्षांनी, १८४५ मध्ये एलिझा ॲक्टनने आपल्या पुस्तकात पाककृतीला 'ख्रिसमस पुडिंग' असं नाव दिलं, छापील पाककृतीत हे नाव पहिल्यांदा तिनेच वापरलं असं मानतात. १८६१ च्या मिसेस बीटनच्या स्वयंपाक-घरकामाच्या पुस्तकापर्यंत ते मध्यमवर्गीय घरात पक्कं झालं होतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात नाताळ हा घरात बसून, मुलाबाळांबरोबर करायचा सण झाला, आणि आधीपासून तयारी लागणारा, सगळ्यांचा हात लागणारा पदार्थ त्यात बरोब्बर बसला.

एवढा सुका मेवा गरिबांना परवडायचा कसा?

भिशीसारखी सोय होती. पुडिंग क्लब म्हणायचे, गल्लीतल्या किराणावाल्याकडे किंवा दारूच्या गुत्त्यात दर आठवड्याला दोन-चार पेनी भरायच्या आणि नाताळच्या आधी त्या पैशातून मनुका-साखर-मसाले घ्यायचे, हंसासाठी वेगळे गूज क्लब असायचे. कामगारांच्या घरात ओव्हन नसायचा म्हणून भाजायचा हंस बेकरीवाल्याकडे न्यायचा, पण पुडिंग मात्र घरच्या हंड्यात व्हायचं, ते आपलं आपण करता यायचं. वर्षभर पोटाला चिमटा काढून एक दिवस टेबलावर पूर्ण पुडिंग ठेवणं याला त्या बायकांच्या लेखी किती किंमत असेल याचा विचार केला की राजांच्या दंतकथा मला फिक्या वाटतात.

स्टर-अप संडे काय असतो?

आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आधीचे आठवडे, सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार, २० ते २६ नोव्हेंबरच्या मध्ये कधीतरी येतो. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनापुस्तकात, जे पहिल्यांदा १५४९ मध्ये आलं, या रविवारची प्रार्थना "हे प्रभू, तुझ्या भक्तांची इच्छाशक्ती ढवळून जागी कर" अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते, पुढे सत्कर्मांच्या फळांचाही उल्लेख आहे. चर्चमध्ये ढवळणं आणि फळं ऐकलं की बायकांना आठवायचं की पुडिंग कालवायची वेळ झाली, आणि पोरं त्या प्रार्थनेवर स्वतःचं पुडिंगचं गाणं रचून घरी जाताना म्हणायची.

त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाने, तान्ह्या बाळाचा हात धरून का होईना, एकदा मिश्रण ढवळायचं आणि मनात एक इच्छा धरायची, ती सांगायची नाही. लाकडी चमचाच घ्यायचा, का तर बाळ येशूला ठेवलं ती गव्हाणी लाकडाची होती. आजही हे होतं, २०१९ च्या डिसेंबरात राणी एलिझाबेथ, चार्ल्स, विल्यम आणि छोटा जॉर्ज अशा चार पिढ्या पुडिंग कालवतानाचे फोटो आले होते, माजी सैनिकांच्या संस्थेसाठी होतं ते. आजकाल बहुतेक लोक विकतचंच आणतात हे खरं, पण ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी हा एक रविवार तरी करून बघा, मला या सगळ्या प्रथेत सर्वात जवळची वाटते ती हीच गोष्ट.

आत नाणं का घालतात?

ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष भरभराटीचं. ही कल्पना पुडिंगपेक्षा जुनी आहे, नाताळनंतरच्या बाराव्या रात्रीच्या केकमध्ये वाल किंवा वाटाणा लपवायचे आणि ज्याला सापडेल तो त्या रात्रीचा राजा. व्हिक्टोरियन काळात ती पुडिंगमध्ये आली आणि वालाच्या जागी चांदीचं नाणं आलं, आधी जास्त करून तीन पेनीचं, नंतर सिक्स्पेन्स म्हणजे सहा पेनीचं. काही घरी नाण्याबरोबर अंगठी म्हणजे लग्न, अंगुस्तान म्हणजे काटकसर किंवा लग्न लांबणार, अशा छोट्या चांदीच्या वस्तूही घालायचे.

१९२० पर्यंत सिक्स्पेन्स अस्सल स्टर्लिंग चांदीचं होतं, मग निम्मी चांदी, आणि १९४७ पासून चांदी अजिबात नाही, तांबं-निकेल. १९८० मध्ये ते चलनातूनच गेलं पण पुडिंगसाठी लोक अजून जपून ठेवतात. घालायचं असेल तर नाणं उकळून घ्या, बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि खाणाऱ्यांना आधी सांगा. दात तुटणं आणि लहान मुलाच्या घशात जाणं दोन्ही होऊ शकतं, म्हणून बरेच जण आता वाढताना तुकड्याखाली सरकवतात, मला तेच बरं वाटतं.

पेटवतात ते कसं? आणि का?

का याला येशूच्या दुःखाचं प्रतीक वगैरे अर्थ सांगतात, वरच्या हॉलीच्या पानांना काट्यांचा मुकुट म्हणतात, पण हिवाळ्याच्या अंधाऱ्या दुपारी दिवे घालवून निळ्या ज्वाळेतलं पुडिंग आलं की सगळं टेबल क्षणभर गप्प होतं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

कसं तर, चार चमचे ब्रँडी छोट्या पळीत किंवा पातेलीत कोमट करायची, उकळायची नाही. गार ब्रँडी पेट घेत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांचं इथेच फसतं. लांब काडीने पेटवायची आणि लगेच पुडिंगवर ओतायची. बाटलीतून थेट पेटत्या पुडिंगवर कधीच ओतू नका, ज्वाळा बाटलीत शिरू शकते. केस बांधा, कागदी टोप्या काढा, वर स्मोक अलार्म आहे का बघा. हॉलीची फळं विषारी असतात, तेव्हा डहाळी पेटवायच्या आधी काढा आणि देठाला फॉइल गुंडाळा, प्लॅस्टिकची असेल तर तर नक्कीच काढा.

याच्याशी भारताचा काही संबंध आहे का?

आहे, आणि नुसता जायफळ-दालचिनीपुरता नाही. १९२६ मध्ये ब्रिटिश सरकारने एम्पायर मार्केटिंग बोर्ड काढलं, उद्देश हा की लोकांनी ग्रीसच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या मनुका न घेता साम्राज्यातला माल घ्यावा. १९२७ मध्ये पाचव्या जॉर्जच्या राजवाड्यातल्या मुख्य आचाऱ्याची म्हणून 'एम्पायर ख्रिसमस पुडिंग'ची पाककृती त्यांनी देशभर पसरवली, राजघराण्याने नाताळला खाल्लेलं पुडिंग हेच असं सांगून. त्यात प्रत्येक जिन्नसासमोर देशाचं नाव. मनुका ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिकेच्या, सुएट न्यूझीलंडचं, साखर वेस्ट इंडीज किंवा ब्रिटिश गयानाची, लवंग झांझिबारची, ब्रँडी सायप्रस किंवा पॅलेस्टाइनची, रम जमैकाची, आणि दालचिनी भारत किंवा सिलोनची, पुडिंगचा मसाला भारताचा. प्रमाण राजवाड्याला शोभेल असंच, तीन प्रकारच्या मनुका प्रत्येकी पाच पौंड, ब्रेडचा चुरा पाच पौंड, सुएट पाच पौंड, वीस अंडी.

ही पाककृती मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा एक अस्वस्थता येतेच. जाहिरातीत साम्राज्य म्हणजे एक मोठं हसतं-खेळतं कुटुंब आणि प्रत्येकजण आपापला वाटा आणून एका वाडग्यात घालतोय असं चित्र होतं, त्या वाडग्यात घालायला काय पिकवायचं आणि काय भावाने विकायचं हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलेलं नव्हतं. आपल्या दालचिनीचा उल्लेख बघून अभिमान वाटावा की आणखी काही, हे वाचणाऱ्याने ठरवावं, पण माहीत तरी असावं.

युद्धाच्या काळात काय करायचे?

दुसऱ्या महायुद्धात साखर, चरबी, सुका मेवा सगळंच रेशनवर, अंडी पावडरची. सरकारच्या अन्न मंत्रालयाने किसलेलं गाजर आणि बटाटा घातलेल्या पुडिंगच्या पाककृती काढल्या, गाजराचा गोडवा साखरेच्या जागी. रेशनिंग पूर्ण संपलं ते १९५४ मध्ये. गाजराचं पुडिंग मुद्दाम करून खाणारे लोक आजही आहेत आणि ते हलकं लागतं, वाईट अजिबात नाही.

अंटार्क्टिकात कोणी मोज्यात पुडिंग लपवून नेलं होतं ही गोष्ट खरी आहे का?

अगदी खरी. १९०२ च्या नाताळला स्कॉट, विल्सन आणि शॅकल्टन हे तिघं ब्रिटिश शोधप्रवासी दक्षिणेकडे बर्फातून गाड्या ओढत होते, अन्न इतकं कमी की भुकेशिवाय दुसरा विषय नव्हता. त्या दिवशी शॅकल्टनने आपल्या जादाच्या मोज्यातून क्रिकेटच्या बॉलएवढं प्लम पुडिंग काढलं, बरोबर खोट्या हॉलीचा तुकडासुद्धा. इतके आठवडे उपाशीपोटी ते त्याने सामानात जपलं होतं, एकट्याने खाल्लं नाही.

व्हेज मिळतं का? दारूशिवाय?

मिळतं. इथल्या सुपरमार्केटमधली बरीच पुडिंगं आता व्हेजिटेबल सुएटची असतात, ते बहुधा पाम तेलाचं असतं. पण डब्यावरचं वाचल्याशिवाय घेऊ नका, सुएट एवढंच लिहिलेलं असेल तर चरबी समजा. व्हेजिटेरियन लिहिलेल्यातही अंडं असू शकतं, अंडंही नको असेल तर व्हीगन बघा. दारू बहुतेकांत असते आणि शिजवल्यावर सगळी उडून जाते हा गैरसमज आहे, थोडी राहतेच. नको असेल तर संत्र्याचा रस किंवा कोऱ्या चहात मनुका भिजवून केलेली पुडिंगं मिळतात, घरीही होतात. बदाम-अक्रोडाची ॲलर्जी असेल तर तेही बघा.

भारतात घरी करायचं तर?

आरामात होतं. साधारण सव्वा लिटरच्या वाडग्यासाठी: तीन प्रकारच्या मनुका-बेदाणे मिळून ४०० ग्रॅम, पाकवलेली साल ५० ग्रॅम, ब्रेडचा चुरा १०० ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, ब्राऊन साखर किंवा किसलेला गूळ १५० ग्रॅम, एक किसलेलं सफरचंद, दोन अंडी, एका संत्र्याची किसलेली साल, दालचिनी-जायफळ-लवंग-सुंठ मिळून दीड चमचा, आणि १५० मिली रम-बिअर किंवा संत्र्याचा रस. सुएटच्या जागी फ्रीझरमध्ये कडक केलेलं बिनमिठाचं लोणी १०० ग्रॅम किसून घाला, पोत थोडा केकसारखा होतो पण चव छान येते. मनुका आदल्या रात्री रसात भिजवा, दुसऱ्या दिवशी सगळं कालवा, लोणी लावलेल्या स्टीलच्या किंवा काचेच्या उष्णता सोसणाऱ्या भांड्यात भरा, वर दोन बोटं जागा सोडा कारण फुगतं. तोंडावर बटर पेपर आणि फॉइल, मध्ये एक चुणी ठेवून, दोरीने घट्ट.

मोदकपात्र यासाठी उत्तम. सहा तास मंद वाफेवर, पाणी आटलं की उकळतंच पाणी घालायचं, गार नाही. कुकरमध्ये करायचं तर पहिली २०-२५ मिनिटं शिट्टी न लावता वाफ जाऊ द्या, नाहीतर पुडिंग फुलायच्या आधीच दाबलं जातं, मग शिट्टी लावून अगदी बारीक गॅसवर दोनेक तास. कुकरमध्ये भरपूर पाणी हवं, मध्ये गॅस बंद करून, वाफ गेल्यावर उघडून बघा.

महिनाभर बाहेर ठेवलं तर खराब होत नाही?

साखर आणि सुका मेवा इतका असतो की बुरशी-जंतूंना लागणारं मोकळं पाणी उरत नाही, वर दारू. म्हणून इंग्लंडच्या गार कोठारात महिने महिने टिकतं, काही जण तर या वर्षी केलेलं पुढच्या नाताळला खातात आणि मुरल्यावर मसाल्यांचा उग्रपणा खरंच कमी होतो. पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हा प्रयोग नको, तिथे फ्रिजच. दारूशिवायचं, लोण्याचं किंवा रसाचं केलं असेल तर कुठेही फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याभरात संपवा.

आपले मराठी ख्रिश्चन लोक नाताळला हेच खातात का?

नाही, त्यांचा नाताळ त्यांचा स्वतःचा आहे. वसईत, अहिल्यानगरकडे, घराघरात करंज्या, शंकरपाळे, लाडू, चकल्या होतात आणि जोडीला केक, डबे भरभरून शेजारीपाजारी जातात. गोव्यात दोदोल, नेवऱ्या आणि बेबिंका, नारळाचं दूध आणि अंड्याच्या बलकाचे एकावर एक थर भाजलेली, तिला २०२३ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. नाताळचं गोड म्हणजे इंग्लंडचं पुडिंगच असं कोणी समजू नये.

ऑस्ट्रेलियात तर डिसेंबरात उन्हाळा, तिथे?

तिथेही खातात, चाळीस डिग्रीत सुद्धा. अजून बरेच जण फडक्यात बांधून, आकड्याला टांगून ठेवतात. काही घरी त्याच मसाल्यांचं आणि मनुकांचं आईस्क्रीम वाडग्यात गोठवून उलटं करतात, ज्यांना गरम पुडिंग जड होतं त्यांनी हे करून बघायला हरकत नाही.

बरोबर काय वाढायचं, आणि उरलं तर?

ब्रँडी बटर, म्हणजे लोणी-पिठीसाखर-ब्रँडी फेसून गार केलेलं, गरम पुडिंगवर ते वितळत जातं. नाहीतर कस्टर्ड किंवा साधी साय. उरलेल्याचे दुसऱ्या दिवशी जाड काप करून तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी कडा कुरकुरीत होईपर्यंत परता, बऱ्याच लोकांना पहिल्या दिवसापेक्षा हेच जास्त आवडतं आणि मीही त्यातलीच. मायक्रोवेव्ह करायचा तर एक-एक तुकडा, अर्धा-एक मिनिटच, समोर उभं राहून, कारण साखर आणि दारूमुळे फार पटकन तापतं आणि जळूही शकतं, आणि त्याआधी सिक्स्पेन्स कोणाला सापडलं होतं का हे विचारून घ्या.